जिभेखाली घ्यायचे ॲलर्जीचे थेंब – कुणी मुलांना दिलेत का? अनुभव हवेत

सायली_को

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज लिहितेच. मुलगा नऊ वर्षांचा आहे, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. दुसरीत असल्यापासून त्याची सकाळ शिंकांनी सुरू होते, एक-दोन नाही, लागोपाठ पंधरा-वीस, मग नाक गळायला लागतं, मग चोंदतं, आणि शाळेची व्हॅन येईपर्यंत रुमाल ओला. तळहाताने नाक खालून वर घासायची इतकी सवय लागलीय की नाकावर आडवी रेघ उमटलीय. डोळ्यांखाली काळं, रात्री तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं. गेल्या दिवाळीला माळा साफ करताना हा मदतीला वर चढला आणि अर्ध्या तासात छाती वाजायला लागली, रात्री नेब्युलायझर लावायला पळावं लागलं. तेव्हापासून माझी झोपच उडालीय.

आत्तापर्यंत सिरप, लिव्होसिट्रिझिन आणि मॉन्टेलुकास्ट या ॲलर्जीच्या गोळ्या, नाकातला स्प्रे सगळं झालंय. चालू असतं तोवर बरं, बंद केलं की आठवड्यात पुन्हा तेच. आता ॲलर्जीवाल्या डॉक्टरांनी हातावर टेस्ट केली, त्यात डस्ट माइटला (गादीत, धुळीत असणारा डोळ्यांना न दिसणारा जीव) ९ मिलिमीटरची गांध उठली, झुरळाला ४ ची, बाकी विशेष काही नाही. त्या म्हणाल्या जिभेखाली थेंब घ्यायचे, रोज, कमीत कमी ३ वर्षं. तीन वर्षं! घरी सासूबाई म्हणतात ज्या गोष्टीचा त्रास तीच पोटात घालायची हे काय औषध झालं, आणि नवरा म्हणतो हे होमिओपॅथीसारखंच दिसतंय. मला काहीच कळेना. कुणी घेतलेत का? मुलाला दिलेत का? खरं सांगा, फरक पडतो का?

निशिगंधा

सायली, आधी एक चांगलं झालं ते सांगते, तुमच्या डॉक्टरांनी टोचून टेस्ट केली. आमच्याकडे उलटं झालं. लेकीच्या शिंकांसाठी कुणीतरी सांगितलं म्हणून एका लॅबमधून रक्ताचं मोठं पॅनल करून घेतलं, सोळा-सतरा पानांचा रिपोर्ट, लाल-पिवळे रंग भरलेले. त्यात गहू, दूध, वांगं, केळं, तूरडाळ सगळ्यावर फुली. आम्ही घाबरून सगळं बंद केलं. चार महिने पोरगी भात, मूग आणि बटाट्यावर, वजन अडीच किलोने उतरलं आणि शिंका होत्या तिथेच! नंतर जे डॉक्टर भेटले त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दूध पिऊन हिला कधी काही झालं होतं का? नव्हतं झालं हो, कधीच नाही. त्याच दिवशी घरी येऊन तिला पोळी खाऊ घातली तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. रिपोर्टपेक्षा पोरीकडे बघायला हवं होतं, ही खंत अजून जात नाही.

थेंब आम्हीही सुरू केलेत, पण आत्ता कुठे तिसरा महिना, त्यामुळे काही सांगता यायचं नाही.

नाक_कान_घसा

मी नाशिकला प्रॅक्टिस करतो, ईएनटी आहे, ॲलर्जीचं काम बरंच बघतो. सायलीताई, तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही त्यामुळे त्याच्यासाठी शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच, पण घरच्यांचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सासूबाईंना सांगा, ज्याचा त्रास तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावायची ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये नून आणि फ्रीमन या डॉक्टरांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून हे सुरू केलं. पुढची कित्येक दशकं इंजेक्शनंच होती. जिभेखालच्या थेंबांची पहिली नीट चाचणी, म्हणजे कुणाला खरं औषध कुणाला नुसतं पाणी हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही अशी, १९८६ ची, आणि तीही डस्ट माइटवरच. नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या निवेदनात ही पद्धत इंजेक्शनला पर्याय म्हणून मान्य झाली.

आता होमिओपॅथीचं. तिथे औषध जितकं पातळ तितकं जास्त ताकदीचं मानतात. इथे बरोब्बर उलटं. बाटलीत माइटचं खरंखुरं प्रथिन असतं, मोजून, आणि ते पुरेसं नसेल तर गुण येत नाही. जिभेखालच्या पातळ कातडीत काही पेशी असतात ज्या हे प्रथिन उचलतात आणि मानेतल्या गाठींमध्ये नेऊन दाखवतात. तिथे हळूहळू शरीर शिकतं की हा शत्रू नाही. आयजीई नावाची जी प्रतिद्रव्यं शिंकांचा गोंधळ घालतात त्यांना अडवणारी आयजीजी-४ तयार होतात, आणि सगळ्या प्रकरणाला आवर घालणाऱ्या टी-पेशी वाढतात. गोंधळ घालणाऱ्या मास्ट पेशी जिभेखाली तुलनेने कमी असतात, म्हणून इंजेक्शनपेक्षा हा मार्ग सुरक्षित. पण हे शिकणं आठवड्याभरात होत नाही. तीन वर्षं म्हणतात ती उगाच नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक पेशंटला सांगतो. थेंब सुरू करायच्या आधी दमा ताब्यात पाहिजे. छाती वाजत असताना सुरू करायचं नाही. तुमच्या मुलाला दिवाळीत नेब्युलायझर लागला म्हणताय, तर फुंकायची टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री झालीय का ते विचारा. आणि पहिला डोस दवाखान्यातच, घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं.

सायली_को

डॉक्टर, खूप खूप आभार. स्पायरोमेट्री केली नव्हती, मी उद्याच फोन करते. नवऱ्याला तुमची पोस्ट वाचून दाखवली, त्याने दोनदा वाचली.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे तर हा घरोघरचा विषय. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट की कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, आणि डस्ट माइटला तेच हवं असतं. हा किडा नाही, कोळ्याच्या कुळातला जीव आहे, आठ पायांचा, मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, डोळ्यांना दिसत नाही. पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच अंगात ओढून घेतो, म्हणून हवा बरेच दिवस कोरडी, पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर सुकून मरतो. रत्नागिरीत जून ते ऑक्टोबर ते कसं व्हायचं सांगा! चावत नाही काही नाही, आपल्याच अंगाच्या कोंड्यावर गादीत जगतो, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या लेंड्यांमधल्या प्रथिनाचा, जे गादी झटकली की हवेत उडतं.

मी स्वतः सात वर्षं शिंकलो. थेंब घेतलेत की नाही ते पुढे सांगतो, आधी घर. आई गोधड्यांचा ढीग ठेवायची माळ्यावर, पाव्हणा आला की काढायची. त्या सगळ्या काढल्या, परटाच्या भट्टीत घातल्या, ज्या जुन्या होत्या त्या दिल्या टाकून. तिला फार वाईट वाटलं, तिच्या आईने शिवलेली एक होती, ती मात्र धुऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीय. कापसाची गादी काढून फोमची घेतली आणि तिला चेनवालं घट्ट विणीचं कव्हर, उशीलाही तसंच. चादरी-अभ्रे दर आठवड्याला साठ अंशावर मशीनमध्ये, मशीन नव्हतं तेव्हा बायको उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवायची. नुसत्या गार पाण्याने तो मरत नाही. भिंतीला ओल होती ती बाहेरून प्लॅस्टर करून घेतली. एवढ्याने मला साधारण तिसरा हिस्सा आराम पडला. मग थेंब. मग बाकीचा. नुसते थेंब घेऊन त्याच गादीवर झोपलो असतो तर एवढा पडला असता असं मला वाटत नाही.

विवेक_स

खर्चाबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून विचारतो. माझ्या बायकोला सांगितलेत, आमच्या इथे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास पडतंय, म्हणजे तीन वर्षांत नव्वद हजार, आणि आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीची औषधं बसत नाहीत. शिवाय तिला दिलेल्या बाटलीत अकरा गोष्टी मिसळल्यात. दोन माइट, झुरळ, चार परागकण, बुरश्या, कुत्रा, मांजर. आमच्याकडे कुत्रा नाही, मांजर नाही. हे बरोबर आहे का?

नाक_कान_घसा

विवेक, बायकोला विचारा की कुत्र्याजवळ गेल्यावर तिला खरंच त्रास होतो का. टेस्टमध्ये गांध उठणं म्हणजे शरीर त्या गोष्टीला ओळखतं एवढंच. त्रास आणि गांध दोन्ही जुळलं तरच ती बाटलीत घालायची. थेंबांचा आणि जिभेखालच्या गोळ्यांचा जो चांगला पुरावा आहे तो बहुतांश एकाच ॲलर्जनवर, म्हणजे ॲलर्जी करणाऱ्या एकाच गोष्टीवर, दिलेल्या औषधाचा आहे. अकरा गोष्टी एका बाटलीत कोंबल्या की प्रत्येकीचं प्रमाण घटतं, आणि बुरशी-झुरळाच्या अर्कांमधली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स शेजारच्या परागकणांचा अर्क खराब करू शकतात. मी सहसा एक, फार तर दोन मुख्य गुन्हेगार निवडतो. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा, यातलं सगळ्यात महत्त्वाचं कुठलं आणि त्याचं रोजचं प्रमाण किती. विचारण्यात काही चूक नाही, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि दोन कंपन्यांच्या बाटल्यांवरच्या युनिटची तुलना करू नका, एकीचं हजार म्हणजे दुसरीचं हजार नव्हे. मधेच कंपनी बदलायची झाली तर डॉक्टरांना विचारूनच, बऱ्याचदा खालच्या डोसपासून परत चढावं लागतं.

मंदार_योकोहामा

मी जपानमधून. इथे हा विषय म्हणजे राष्ट्रीय दुखणं आहे, फेब्रुवारी ते एप्रिल सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडाचे परागकण उडतात, दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर या एकाच झाडाने लावले, ती झाडं आता मोठी झालीत आणि अख्खं शहर मास्क लावून शिंकतं. मला इथे येऊन पहिली तीन वर्षं काही झालं नाही, मला वाटलं आपण पुण्याच्या धुळीत वाढलेलो, आपल्याला काय होतंय. चौथ्या वर्षी डोळे असे सुजले की मीटिंगमधून उठून जावं लागलं.

इथे सुगीचे जिभेखालचे थेंब २०१४ पासून सरकारी विम्यात मिळायला लागले, २०१८ ला गोळी आली. मी थेंबांवरून गोळीवर आलो. विम्यामुळे खिशातून तीस टक्केच जातात. दोन गोष्टी इथल्या डॉक्टरांनी फार ठामपणे सांगितल्या, त्या तुमच्या उपयोगाच्या असतील म्हणून लिहितो. एक, परागकणांच्या ऐन मोसमात सुरू करायचं नाही, इथे जूननंतरच सुरू करतात. दुसरं, औषध घ्यायच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास धावणं, गरम पाण्यात डुंबणं आणि दारू वर्ज्य, कारण रक्ताभिसरण वाढलं की रिॲक्शनची शक्यता वाढते. मी सकाळी जॉगिंगला जायचो म्हणून औषध रात्रीवर नेलं.

गुण? पहिल्या मोसमात थोडा. दुसऱ्या मोसमात मी मित्रांबरोबर झाडाखाली साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, बघत बसलो, मास्क न लावता, दोन तास. मला खरंच भरून आलं.

भाऊसाहेब

मी बारामतीकडचा शेतकरी, वय ६४. वाचतोय सगळं. मला गाजर गवताची ॲलर्जी आहे, बांधावरचं उपटलं की हात, मान, पापण्या लाल होतात, कातडी जाड होऊन खाजते, उन्हात जास्त. आमच्या लहानपणी वडील याला काँग्रेस गवत म्हणायचे, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणायचे. हे थेंब मला चालतील का? बीपीची ॲटेनोलॉल चालू आहे.

नाक_कान_घसा

भाऊसाहेब, वडील बरोबर सांगायचे, हे गवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास, आणि आयात गव्हातून आलं असं मानतात. पण तुमचा त्रास वेगळ्या जातीचा आहे. शिंका-दमा हा आयजीईचा खेळ, मिनिटांत होतो. कातडी जाड होणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज वाढणं हा त्वचेच्या संपर्काचा दाह, त्याची यंत्रणा निराळी, त्याला हे थेंब लागू नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, पॅच टेस्ट करतील, म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून बघतील. तोवर हातमोजे, लांब बाह्या, आणि गवत फुलायच्या आधी उपटा, जमलं तर दुसऱ्याकडून. आणि ॲटेनोलॉल बीटा ब्लॉकर आहे. अशा गोळ्या चालू असताना मोठी रिॲक्शन आलीच तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन नीट काम करत नाही, म्हणून आम्ही सहसा थेंब टाळतो. गोळी मात्र मनाने बंद करू नका हं.

भाऊसाहेब

धन्यवाद डॉक्टरसाहेब. सूनबाईने पॅच टेस्टचं लिहून घेतलंय.

मृण्मयी_ऑस्टिन

इथल्या लोकांसाठी लिहिते. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्य केल्यात त्या गोळ्या, गवत आणि रॅगवीड नावाच्या तणासाठी २०१४ ला, डस्ट माइटसाठी २०१७ ला. थेंबांना मान्यता नाही, जे डॉक्टर देतात ते इंजेक्शनचा अर्कच जिभेखाली देतात आणि इन्शुरन्स सहसा हात वर करतं. आमच्या टेक्सासमध्ये डिसेंबर-जानेवारीत माउंटन सीडर उडतो, त्याला इथे सीडर फीवर म्हणतात, झाड हलवलं की धूर निघाल्यासारखे परागकण निघतात. त्याची मान्यताप्राप्त गोळीच नाही, म्हणून मी इंजेक्शनं घेतली. दर वेळी क्लिनिकमध्ये अर्धा तास थांबायचं, ऑफिस सांभाळून ते करणं सोपं नव्हतं, पण तिसऱ्या हिवाळ्यात मी डिसेंबरमध्ये खिडकी उघडून झोपले.

सायली_को

अपडेट. स्पायरोमेट्री केली, थोडी कमी होती, म्हणून आधी दीड महिना इनहेलर. मग नीट आल्यावर थेंब सुरू केले, आज एकविसावा दिवस. पहिल्या दिवशी दवाखान्यात जिभेखाली खाज, कानात खाज, ओठ जरा लाल, पंधरा मिनिटांत गेलं. घरी चार-पाच दिवस तसंच होत राहिलं, मग कमी. सकाळी उपाशीपोटी देते, थेंब टाकून दोन मिनिटं तोंड मिटून बसवते, मग गिळायचं, पुढे पंधरा मिनिटं पाणीसुद्धा नाही. दोन मिनिटं नऊ वर्षांच्या मुलासाठी फार असतात हो, म्हणून तो बोटांवर सतराचा पाढा मोजतो.

एक प्रश्न आहे, दुधाचा दात हलतोय, पडला की काय करू?

नाक_कान_घसा

दात पडला की आठवडाभर थांबा, जखम भरली की परत. तोंड आलं असेल, फोड असतील तेव्हाही तसंच. सलग सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर स्वतः परत सुरू न करता डॉक्टरांना फोन करायचा. खाज थोडी चालते, पण घसा आवळल्यासारखं, आवाज बसणं, वारंवार उलटी, छाती वाजणं हे झालं तर पुढचा डोस नाही, लगेच दवाखाना. काही आठवड्यांनी गिळताना अडकायला लागलं, छातीत जळजळलं तरी सांगायचं, अन्ननलिकेची एक क्वचित होणारी सूज असते ती तपासावी लागते.

अनुजा_ठाणे

डॉक्टरांनी खंडाबद्दल लिहिलं म्हणून माझं सांगते. मी स्वतः थेंब घेत होते, भावाच्या लग्नात कोल्हापूरला गेले, बाटली फ्रिजमध्येच राहिली, मग तापाने आजारी पडले, असे तेवीस दिवस गेले. परत आल्यावर वाटलं आपण तर वरच्या डोसला पोचलोय, तोच घेऊ. वीस मिनिटांत खालचा ओठ आणि जीभ सुजली, अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, नवऱ्याने रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवलं. नशिबाने श्वास अडकला नाही. त्यात औषधाचा दोष नव्हता, माझीच चूक. मला सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं, मी वाचलं नाही. कृपा करून तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा. आता मी थर्मासमध्ये बर्फाची पिशवी घालून बाटली बरोबर नेते, डीप फ्रीझमध्ये मात्र ठेवायची नाही, गोठली की वाया.

सायली_को

पाच महिने झाले. मनापासून सांगते, मला काहीच फरक दिसत नाहीये. काल शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच्या भाषणाच्या वेळी शिंका लागल्या आणि तो मधेच खाली उतरला. रात्री म्हणाला, आई, मला नाही घ्यायचेत ते थेंब. मी काही बोलू शकले नाही. रोज सहाला उठून मी हे करते, अलार्म लावून, आणि आता माझाच धीर सुटतोय.

रत्नांग्रीकर

ताई, मी सहाव्या महिन्यात बाटली उचलून कचऱ्यात टाकली होती. बायकोने काढून धुऊन परत ठेवली. मला पहिला फरक कळला तो नवव्या महिन्यात, तोही मला नाही, तिलाच कळला, म्हणाली आज सकाळी तुमचा आवाज आला नाही. एक करा. कॅलेंडरवर रोज शिंकांचा अंदाज लिहा, शून्य, थोड्या, खूप, आणि कुठलं औषध लागलं तेही. मनाला चांगले दिवस आठवत नाहीत, वाईटच राहतात. आणि स्प्रे बंद केला असेल तर परत सुरू करा, थेंब चालू आहेत म्हणून पोराने सोसत बसायचं कारण नाही.

नाक_कान_घसा

अगदी बरोबर. स्प्रे मारतानाची पद्धतही बघा. मान खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं आणि औषध जागेवर पोचत नाही. आणि त्याच्या खोलीत काय काय आहे? पडदे, गालिचा, मऊ खेळणी?

सायली_को

अस्वल आहे हो. दोन वर्षांचा होता तेव्हापासूनचं, त्याच्याशिवाय झोपत नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

निशिगंधा

पिशवीत घालून रात्रभर, पूर्ण चोवीस तास म्हटलं तरी चालेल, डीप फ्रीझमध्ये ठेव आणि मग धू. थंडीने माइट मरतात, धुण्याने त्यांची घाण जाते, दोन्ही करावं लागतं. दर पंधरा दिवसांनी. आमच्याकडे ससा आहे, त्याचा फ्रीजमध्ये जायचा रविवार ठरलेला आहे.

सायली_को

अकरा महिने. मुद्दाम लवकर लिहिलं नाही, दृष्ट लागेल असं वाटत होतं. कॅलेंडर समोर घेऊन बसलेय. सुरू केलं त्या महिन्यात "खूप" चे चोवीस दिवस होते. गेल्या महिन्यात सहा. आणि हा पावसाळ्यातला महिना आहे, दर वर्षी याच महिन्यात त्याची सगळ्यात जास्त शाळा बुडायची. लिव्होसिट्रिझिन महिन्यातून दोन-तीनदा, मॉन्टेलुकास्ट डॉक्टरांनी बंद केली, त्यावर तो चिडचिडा व्हायचा, वाईट स्वप्नं पडायची, तो त्या गोळीचा परिणाम असू शकतो हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. इनहेलर कमी केलाय, पूर्ण बंद नाही.

रात्री घोरत नाही. मी उठून त्याच्या नाकाजवळ हात धरून बघते.

विवेक_स

छान वाटलं वाचून. आमच्या डॉक्टरांशी बोललो, अकरावरून दोन माइटवर आणलं, खर्चही उतरला. बायकोला आठवा महिना.

सायली_को

दोन वर्षं दोन महिने. मुलगा इतका बरा आहे की नवरा म्हणतो आता थांबूया, एवढे पैसे कशाला. मलाही मोह होतोय. दिवाळीला माळ्यावर तो मास्क लावून गेला, दोन तास डबे काढले, खाली येऊन चार शिंका आणि संपलं. डॉक्टर, दोन वर्षांवर थांबवलं तर?

नाक_कान_घसा

थांबवू नका. गवताच्या परागकणांवर लंडनला एक चाचणी झाली, २०१७ ला प्रसिद्ध झाली. त्यात काहींना गोळी, काहींना इंजेक्शनं, काहींना नुसतं बनावट औषध असं दोन वर्षं दिलं आणि मग सगळ्यांचं थांबवून आणखी एक वर्ष पाहिलं. औषध चालू असताना फरक होता. थांबवल्यावर वर्षभराने बनावट औषधवाल्यांमध्ये आणि यांच्यात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. तीन वर्षं पूर्ण घेतलेल्यांमध्ये मात्र औषध बंद केल्यावरही गुण टिकलेला दिसलाय. तुम्ही दोन तृतीयांश वाट चालून आलात, आता परत फिरू नका. नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

सायली_को

सांगितला. नवी बाटली आणली त्यानेच.

गार्गी_सोलापूर

हा अख्खा धागा आज एका बैठकीत वाचला. माझी मुलगी सात वर्षांची, परवा टेस्टला बोलावलंय. सायलीताई, टेस्टच्या आधी काय करायचं? रोज रात्री सिट्रिझिन चालू आहे.

सायली_को

गार्गी, सिट्रिझिन टेस्टच्या आधी बंद करावी लागते, आम्हाला सात दिवस सांगितलं होतं, नाहीतर गांध उठत नाही आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. परवा म्हणतेस म्हणजे उद्याच फोन करून तारीख पुढे घे. सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्येही तसलंच औषध असतं, ते पण दाखव. नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे आणि इनहेलर चालू ठेवायचे, ते बंद करू नकोस. आणि दम्याचा काही त्रास झाला असेल कधी, एकदा जरी छाती वाजली असेल, तर ते आधी सांग, माझ्यासारखं मागाहून नको. टोचणं मुंगी चावल्याएवढं असतं. तिला सांग हातावर पेनाने आकडे लिहितात, माझ्या लेकाला तेच सगळ्यात आवडलं होतं.